एक सूत जाडीची चकती

सातपूर कॉलनी, नाशिक
२५ जानेवारी १९८२

कारभारीचाचा यांस,
बिलकिसचा सलाम.

तेरा तारखेला तुम्ही दवाखान्यात आलात, स्टुलावर अर्धा तास बसलात, इसाकच्या पायावर हात ठेवलात आणि एक अक्षर न बोलता उठून गेलात. तेव्हा वाटलं, माणसाला दुःख झालं की जीभ उचलत नाही. आज त्याला बारा दिवस झाले. आता मला तुमच्या त्या मुकेपणाचा राग येतोय, म्हणून हे पत्र.

इसाकचा डावा डोळा गेला. उजव्याला खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच कळतं. मानेवरची कातडी बघवत नाही. हे सगळं मी नशिबावर टाकून गप्प बसलेही असते. पण परवा कारखान्याचा माणूस दवाखान्यात येऊन डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या माणसाच्या हातात चार्जशीट ठेवून गेला. वर शाईचा पॅड पुढे करून अंगठा मागत होता! चौदा वर्षं मस्टरवर सही करणाऱ्या माणसाचा अंगठा! मी त्याला दारापर्यंत हाकललं.

चार्जशीटमध्ये लिहिलंय, ‘फिटर इसाक शेख यांनी तेजाबाच्या लाईनला चकती न लावता, केवळ व्हॉल्व्हवर विसंबून पुढचा जोड उघडला. अपघातास ते स्वतः जबाबदार आहेत.’ वीस फेब्रुवारीला चौकशी आहे. तिथे हे खरं ठरलं की नोकरी गेली. आणि सातपुरात कोण ठेवून घेणार, अर्ध्या डोळ्याच्या आणि निष्काळजी ठरलेल्या माणसाला?

इसाक म्हणतात, चकती लावली होती. नोव्हेंबरात टाळेबंदी झाली त्याच दिवशी लावली. मग कारखाना सात आठवडे बंद होता. अकरा जानेवारीला उघडला आणि पहिल्याच सकाळी, आत चकती आहे या भरवशावर त्यांनी पुढचा जोड उघडला. तेजाब सरळ तोंडावर आलं.

मी नगरपालिकेच्या शाळेत पहिलीला शिकवते, मला चकती की फिकती काही कळत नाही. पण घरातल्या नळाचा वायसर बदलतानाही इसाक टाकीचा कॉक बंद करून वर लाकडाची गुडदी ठोकतात. मी हसले की म्हणतात, उस्तादांची शिकवण आहे, म्हणजे तुमची. तेव्हा तुम्ही चार ओळी लिहून द्या की हा माणूस चकतीशिवाय जोड उघडणारा नाही. फार काही मागत नाही मी.

बिलकिस इसाक शेख


पेठ
४ फेब्रुवारी १९८२

चि. बिलकिस हिस आशीर्वाद.

पत्र पोचले. तू शिक्षिका आहेस, तेव्हा नीट समजावून सांगतो.

व्हॉल्व्ह म्हणजे दार. दार कितीही घट्ट लावले तरी खालून फट राहते, आणि जुन्या व्हॉल्व्हला तर राहतेच. म्हणून माणसाला पाइपाशी काम करायचे असेल तर दारावर भरवसा ठेवायचा नाही, भिंत घालायची. दोन पाइपांच्या जोडाचे बोल्ट ढिले करायचे, मधल्या सापटीत भोक नसलेली चकती सरकवायची आणि बोल्ट पुन्हा आवळायचे. मग पलीकडे वाफ असो की तेजाब, इकडे थेंब येत नाही. चकतीला बाहेर वीतभर पट्टी ठेवतात, तिला आम्ही कान म्हणतो. लांबून कान दिसला की समजायचे, आत चकती आहे. आणि ज्याने ती लावली त्याने कानावर स्वतःची अक्षरे पंचाने ठोकायची. हा कायदा सातपुरात मी आणला, अठरा वर्षांपूर्वी.

पाण्याला जस्ताचा पाइप, वाफेला काळे लोखंड, गटाराला बीड, हे सगळे इसाकला मीच शिकवले. पोरगा हुशार. पण सात आठवडे काम बंद राहिले की चांगल्या चांगल्यांचा हात सुटतो. आपण चकती लावली होती असे मनाला वाटते, आणि लावलेली असते दुसऱ्याच लाईनला. असे मी पाहिलेले आहे. भंगारातसुद्धा असा कान कुठे निघाला नाही. मग चकती होती हे कशाच्या जोरावर लिहू?

मी उभ्या आयुष्यात खोटे लिहून दिलेले नाही. राग मानू नकोस. पोराची काळजी घे.

कारभारी गांगुर्डे


सातपूर कॉलनी
१० फेब्रुवारी १९८२

कारभारी गांगुर्डे यांस,

चाचा म्हणणार नाही. तो हक्क तुम्ही गमावलात.

तुमचं पत्र आलं तेव्हा इसाकनी मला उशाशी बसवलं आणि म्हणाले, उस्तादांचं पत्र वाच. मी वाचून दाखवलं. अपघातानंतर त्या दिवशी ते पहिल्यांदा पोटभर जेवले. तुम्हाला नवल वाटेल. वाटू द्या.

आता माझं ऐका. भंगाराचं मी तुम्हाला विचारलं होतं का? माझ्या पत्रात भंगार हा शब्दसुद्धा नाही. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी ती लाईन कापून भंगारात टाकली, हे मलाही तुमचं पत्र वाचल्यावर, कारखान्याच्या गेटवर जाऊन विचारल्यावर कळलं. मग निवृत्त होऊन पेठच्या डोंगरात बसलेल्या तुम्हाला कसं ठाऊक, भंगारात काय निघालं आणि काय नाही?

गेटवरच्या लहानूने सांगितलं. त्याच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे तुम्हाला त्याचा आवाजही ऐकू येईल. “तेरा तारखेला उस्ताद आले व्हते ना. म्हनले, लहानू, जरा भंगारात बघतो. दोन तास उकरत व्हते. जाताना पिशवी जड दिसली. म्हटलं, उस्ताद, काय हाय? तर म्हनले, नातीला खेळायला कडं नेतो. मी काय उस्तादांची झडती घेनार व्हय?”

म्हणजे दवाखान्यात माझ्या नवऱ्याच्या पायावर ठेवलेला हात धुवायच्या आत तुम्ही भंगार उकरायला गेलात. आणि मला लिहिता, मी खोटं लिहून देत नाही! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मी पहिलीच्या पोरांना शिकवते. ती उदाहरणासकट कळायला मला तुम्ही भेटावे लागलात.

काय नेलंत पिशवीत? कारखान्याच्या साहेबांनी सांगितलं म्हणून नेलंत का? काय कबूल केलं त्यांनी तुम्हाला? उलट टपाली उत्तर हवं.

बिलकिस


(पोस्टकार्ड)
१८ फेब्रुवारी १९८२

कारभारी गांगुर्डे, पेठ.

उत्तर नाही. इसाकना ताप भरल्यामुळे चौकशी सहा मार्चवर गेली आहे, म्हणजे गप्प बसायला तुम्हाला आणखी पंधरा दिवस मिळाले. हे मुद्दाम कार्डावर लिहिते, पाकीट घेत नाही. पेठच्या पोस्टमनने वाचावं, त्याच्या बायकोला सांगावं, तिने पाणवठ्यावर सांगावं: सातपूरच्या थोर उस्तादांनी आपल्या आंधळ्या झालेल्या चेल्याचा पुरावा पिशवीत घालून पळवला आणि घरात लपवून ठेवला आहे. नातीला खेळायला.

बिलकिस इसाक शेख


पेठ
२३ फेब्रुवारी १९८२

चि. बिलकिस हिस,

आशीर्वाद लिहीत नाही, द्यायचा मला अधिकार नाही.

तुझे कार्ड पोस्टमनने ओट्यावर उभे राहून मोठ्याने वाचले. माझी बायको चिमणाबाई नागली पाखडत होती. तिने सूप खाली ठेवले, आत गेली आणि नागलीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून ते कडे बाहेर काढले. तिला महिनाभर माहीत होते. माझ्यापुढे आपटून म्हणाली, “ह्ये घिऊन एस.टी.त बस, नायतर मी बसते.” अजून माझ्याशी बोलत नाही.

साहेबांनी मला काही सांगितलेले नाही. त्यांना हे कडे होते हेच माहीत नाही. साहेबांसाठी केले असते तर बरे झाले असते, निदान दोष वाटून घेता आला असता.

चकती होती. इसाकनेच लावली होती. कानावर इ. शे. ही अक्षरे आहेत, शे वरची मात्रा नेहमीसारखी वाकडी. जोडाच्या गॅस्केटखाली दाबलेली कड तेवढी शाबूत आहे. मधले सगळे लोखंड तेजाबाने खाल्ले आहे. चकती राहिली नाही, नुसते कडे राहिले. भंगारात ते हातात आले तेव्हाच मला कळले की दोष कुणाचा.

मी १९५३ साली अंबरनाथला तेजाबाच्या कारखान्यात शिकलो. तिथे नुसते तेजाब, पाणी न मिसळलेले. ते काळ्या लोखंडाच्या पाइपातून वर्षानुवर्षे वाहते, लोखंडाला काही होत नाही. तिथून मी एक धडा घेऊन आलो की तेजाबाला काळे लोखंड चालते. आपल्या कारखान्यात तारा साफ करायला तेजाबात पाणी मिसळतात. आणि पाणी मिसळले की तेच तेजाब लोखंड खाते. उलटे वाटते ना? जास्त जोराचे खात नाही आणि पातळ केलेले खाते. म्हणूनच त्या लाईनच्या पाइपाला आतून रबर चढवलेले होते. बाहेरून पाइप लोखंडाचा दिसतो, तेव्हा चकतीही लोखंडाची, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग जाडीची, असे मी शिकवले. आत रबर कशाला घातलेय, हा प्रश्न अठरा वर्षांत मला पडला नाही. तिथे जाड प्लॅस्टिकची नाहीतर दोन्ही अंगांनी रबर चढवलेली चकती हवी होती.

चूक कधी उघडी पडली नाही, कारण आम्ही सकाळी चकती लावायचो आणि पाळी संपायच्या आत काढायचो. सहा तासांत तिचे काय जाणार? टाळेबंदीत ती सात आठवडे तेजाबाला तोंड देऊन उभी राहिली.

सातपुरात तीस जण मला उस्ताद म्हणतात. रस्त्यात सायकलवरून उतरतात. ते कडे हातात घेतल्यावर मला पहिल्यांदा इसाकचे डोळे आठवले नाहीत, त्या सायकली आठवल्या. हे लिहायला लाज वाटते पण तेच खरे आहे.

माझे पहिले पत्र ऐकून तो पोटभर जेवला, असे तू लिहिलेस. ते वाक्य मला समजले नाही, पुन्हा पुन्हा वाचतो.

कडे एस.टी.च्या पार्सलने पाठवतो. चौकशीत दाखव. माझे नाव घ्यायचे की नाही ते तू ठरव.

कारभारी


सातपूर कॉलनी
२७ फेब्रुवारी १९८२

कारभारी गांगुर्डे यांस,

पार्सल पाठवू नका. आलं तर परत पाठवीन.

किती सोपं करता हो स्वतःला! कडं पार्सलने, आणि नाव घ्यायचं की नाही ते बिलकिसने ठरवायचं. कडं काही बोलतं का? मी ते टेबलावर ठेवलं की साहेब म्हणतील, वा, म्हणजे चकती होती पण चुकीची होती, मग चूक फिटरचीच. चकती न लावणारा इसाक गेला आणि चुकीची लावणारा इसाक आला. नोकरी दोन्हीकडून जाते. चुकीची का लावली, हे सांगणारं तोंड एकच आहे आणि ते पेठला नागलीच्या कणगीमागे बसलंय.

इसाक सांगतील म्हणाल, तर ते सांगणार नाहीत. मी काल विचारलं, लोखंडाचीच का लावलीत? म्हणाले, “अपघातानंतर तिसऱ्याच दिवशी समजलं मला, त्या तेजाबात लोखंड टिकलं नसणार. पण उस्तादांचं नाव चौकशीत निघणार नाही. माझ्यावर त्यांनी एवढा विश्वास दाखवला.” मी ताट उचलून मोरीत आपटलं. तुम्हा दोघांचं हे गुरू-चेल्याचं प्रेम माझ्या संसारावर चाललंय! या बाबतीत थोडा दोष माझाही आहे, तो मी वेळ आली की सांगेन.

आणि त्या साहेबांचं काय? मोठ्या कॉलेजात शिकले, कपाटभर पुस्तकं आहेत. तुम्हाला पडला नाही तो प्रश्न त्यांना पडायला काय झालं होतं? स्टोअरमधून चकती चिठ्ठीवर निघते म्हणे. त्या चिठ्ठीवर सही कोणाची असते?

आता शेवटचं. तीस जण तुम्हाला उस्ताद म्हणतात, त्या तिसांना तुम्ही हाच धडा दिलात ना? मग आज या क्षणी सातपुरात कुठल्या कुठल्या लाईनीत तुमच्या धड्याच्या चकत्या बसलेल्या आहेत? दीड महिना तुम्ही हे जाणून बसलात. तुमच्या अब्रूपायी आणखी किती बायकांनी नवऱ्याला घास भरवायचा?

सहा तारखेला सकाळी दहा वाजता. गेटवर लहानू आहे. या वेळी झडती घ्यायला सांगितलंय.

बिलकिस


पेठ
१४ मार्च १९८२

चि. बिलकिस हिस,

चौकशी झाल्यावर तू व्हरांड्यात उभी होतीस, मी मान खाली घालून समोरून गेलो. थांबायची हिंमत झाली नाही. आत काय झाले ते इसाकने तुला सांगितले असेल, पण तो माझी बाजू राखून सांगणार. म्हणून मी लिहितो.

मी आत गेलो तेव्हा तो खुर्चीत ताठ बसला होता. माझे नाव निघू नये म्हणून, विचारतील त्याला एकच उत्तर, “मला आठवत नाही.” मी पिशवीतून कडे काढून त्याच्या हातात दिले. त्याने आधी कान चाचपला. अक्षरांवर बोट फिरवले, वाकड्या मात्रेवर थांबला, थोडा हसला. मग बोट आत गेले आणि आरपार निघाले.

म्हणाला, “उस्ताद, मधलं गेलंय.”

म्हटले, “व्हय. मी शिकवलं म्हणून गेलंय.”

मग मी सगळे सांगितले, अंबरनाथपासून. साहेब म्हणाले, म्हणजे चकती चुकीची होती हे तुम्ही मान्य करता. मी म्हटले, “साहेब, मी चौथी शिकलेला मानूस. मी चुकलो, ते कबूल. पन चकतीच्या चिठ्ठीवर तुमची सही हाय. मिसळलेलं तेजाब, एक सूत काळं लोखंड, असं त्यावर लिवलंय. तुमी वाचून सही केली का न वाचता, तेवढं लिवून घ्या.” स्टोअरचे रजिस्टर मागवले. चिठ्ठी निघाली. सही साहेबांचीच.

तिथून मी पेठला आलो नाही. तुझ्या पत्रातली शेवटची ओळ खिशात होती. पाच दिवस सातपुरात हिंडलो, भागुबाईच्या खाणावळीत राहिलो. अकरा कारखाने, चार वर्कशॉप. प्रत्येक ठिकाणी पोरांना बोलावून कडे दाखवले आणि सांगितले, ह्ये मी शिकवलं, आनि ह्ये चूक हाय. कोणी हसले नाही, त्याने जास्त लागले. देवराम माझा जुना चेला, मुलामा चढवायच्या कारखान्यात आहे. त्याच्याकडे एक चकती नऊ दिवस लाईनीत होती. बाहेर काढली, तर तिला मी अंगठ्याने वाकवले. देवराम दुसऱ्या दिवशी तो जोड उघडणार होता.

त्याने मला खाली बसवून पाणी पाजले. मी त्याला म्हटले, मला कशाला पाजतोस, तुझा जीव बिलकिसच्या पत्राने वाचला, पाणी सातपूर कॉलनीत तिला नेऊन दे.

इसाकला भेटायचे आहे. त्याची माफी मागायची आहे, विशेष करून त्या पहिल्या पत्राची. तू म्हणशील तेव्हा येईन. नाही म्हणालीस तर येणार नाही.

कारभारी


सातपूर कॉलनी
२८ मार्च १९८२

चाचा,

निकाल आला. ‘इसाक शेख यांनी चकती बसवली होती’ अशी एक ओळ आहे त्यात, टाइप केलेली. ती मी त्यांना अकरा वेळा वाचून दाखवली. बाराव्यांदा मागितली तेव्हा म्हटलं, आता पाठ झाली असेल. नोकरी राहिली. एप्रिलपासून स्टोअरमध्ये बसायचं आहे. नुसता टिचकीचा आवाज ऐकून बीड कुठलं आणि लोखंड कुठलं ते सांगतात. साहेबांची बदली झाली म्हणे, बढतीवर. त्यावर मी काय बोलणार? माझ्या शिव्या तुमच्यावरच संपल्या.

देवराम आला होता. घोटभर पाणी मागून प्यायला आणि रडला.

माझा राग गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही. रोज सकाळी त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधताना तो नव्याने येतो. तुम्ही यायला हरकत नाही. रविवारी या, जेवायलाच या. पण माफी मागायची नाही, आणि त्या पहिल्या पत्राची तर मुळीच नाही. का, ते आज सांगते.

ते पत्र मी त्यांना वाचून दाखवलंच नाही. वाचण्याआधी शेवटच्या ओळी डोळ्यांखालून घातल्या आणि समजलं, हे ऐकलं तर हा माणूस उरणार नाही. कागद समोर धरला आणि मनानेच वाचत गेले. तुमच्या जागी मी बोलले, “इसाक, चकती तू लावली होतीस. मी तुला शिकवलंय, मला माहीत आहे. साऱ्या जगाने नाही म्हटलं तरी मी तुझ्या बाजूने उभा आहे.” ते ऐकून त्यांनी भाकरी मागितली. त्याच पत्राला जागून पुढे त्यांनी तोंडाला कुलूप लावलं, आणि माझ्याच थापेने नोकरी जायची वेळ आली.

ते अजून समजतात की तुम्ही तसं लिहिलं होतं. शेजारच्या माजिदाला, लहानूला, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, सगळे फिरले पण उस्तादांनी पहिल्याच पत्रात लिहिलं.

तुमचं खरं पत्र मी जपून ठेवलं आहे. ते त्यांना कधी वाचून दाखवणार नाही. म्हणून रविवारी येण्याआधी वर लिहिलेल्या ओळी नीट पाठ करून या. ते तुम्हाला त्या तुमच्या तोंडून ऐकवायला सांगतील.

बिलकिस